व्यवसाय कर (महाराष्ट्र)

नोकरी, व्यापार, धंदा किंवा स्वतंत्र व्यवसाय करून कमावणाऱ्यांवर राज्य शासन आकारत असलेला कर. पगारपत्रकात तो ‘पी.टी.’ या रकान्यात दिसतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत (नोंद ६०) या कराचा विषय आहे. अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला घ्यायच्या रकमेवर मर्यादा आहे. ती सुरुवातीला २५० रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली आणि आजही तेवढीच आहे.

महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. त्याचा उगम दुष्काळात आहे, आणि तो लक्षात ठेवायला हवा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला करून पाहिला होता. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. या योजनेला कायमचा पैसा हवा होता. तो शहरांतल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी द्यावा, असे ठरले. करातून जमेल तेवढीच भर राज्य शासनानेही घालायची होती. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कामाच्या हक्काला कायद्याचे बळ मिळाले, आणि २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा करताना महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. गिरणीतल्या जॉबरच्या पगारातून कापलेले पैसे पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत जात होते. करामागे इतका सरळ हेतू क्वचितच असतो.

छोट्या व्यावसायिकाला हा कर दोन बाजूंनी भरावा लागतो. स्वतःच्या धंद्यासाठी नावनोंदणी प्रमाणपत्र (पीटीईसी) घेऊन बहुतेक व्यवसायांना वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा कर वेगळा असतो. खासगी कंपनी असेल तर कंपनीचा वेगळा आणि प्रत्येक संचालकाचाही वेगळा. नवरा-बायको दोघेच संचालक असलेल्या कंपनीला हे तीन वेळा २,५०० पडतात, आणि अनेकांना ते पहिली नोटीस आल्यावरच कळते. दुसरी बाजू कामगारांची. त्यासाठी मालकाने नोंदणी प्रमाणपत्र (पीटीआरसी) घ्यायचे, पगारातून कर कापायचा, चलनाने भरायचा आणि विवरणपत्र दाखल करायचे. हे काम पूर्वी विक्रीकर विभाग पाहत असे, आता राज्याचा वस्तू व सेवा कर विभाग पाहतो.

पुरुष कामगाराला महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये. त्यापुढे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाची २,५०० ची मर्यादा गाठता यावी, एवढाच या जादा शंभराचा अर्थ. तो कामगाराला आधी सांगून ठेवला तर मार्चच्या सुरुवातीला होणारी कुरबुर टळते. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर सूट आहे. कमी पगाराच्या कामांत बायकांचे प्रमाण पाहता ही अलीकडची सर्वांत अर्थपूर्ण सुधारणा म्हणावी लागेल. पासष्ट वर्षांवरील व्यक्ती आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेले यांनाही कर माफ आहे. पगारात महागाई भत्ता आणि नियमित मिळणाऱ्या इतर रकमा धरतात. बोनस आणि ग्रॅच्युइटी धरत नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या बोनसमुळे कोणी वरच्या टप्प्यात जात नाही.

उदाहरणादाखल एक छोटा छापखाना घेऊ. १८,००० रुपयांवर दोन यंत्रचालक, ९,००० वर एक अर्धवेळ मदतनीस (तिघेही पुरुष), १६,००० वर बांधणी करणारी बाई आणि २६,००० वर अक्षरजुळणी करणारी मुलगी. यंत्रचालकांचे आणि अक्षरजुळणीवालीचे प्रत्येकी २००, मदतनीसाचे १७५, बांधणीवालीचे शून्य. महिन्याला ७७५, फेब्रुवारीत १,०७५, वर्षाला ९,६००. मालकाचे २,५०० धरून १२,१००. आदल्या वर्षाचा कापलेला कर एक लाखाच्या आत असल्याने या छापखान्याला वर्षातून एकदाच, मार्चअखेर, विवरणपत्र भरायचे असते. त्याहून जास्त असेल तर दर महिन्याला.

९,६०० रुपये मालकाच्या खिशातले नाहीत, हे खरे. पण कापायचे राहून गेले तरी भरायची जबाबदारी कायद्याने त्याचीच, आणि चार महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेल्या माणसाकडून ते परत मिळत नाहीत. उशीर झाला की व्याज आणि विलंबशुल्क लागते. भविष्यनिर्वाह निधी साधारणपणे वीस कामगारांपासून आणि राज्य विमा योजना दहापासून लागू होते. व्यवसाय कराला अशी संख्येची अट नाही. मर्यादेपलीकडचा पगार घेणारा पहिलाच माणूस कामावर ठेवला की नोंदणी आली. हिशेबनीस ठेवण्याइतका धंदा अजून वाढलेला नसतो, नेमक्या त्या काळात हे काम मालकाच्या अंगावर पडते.

कराची खरी उणीव त्याच्या सपाटपणात आहे. गल्लीतल्या एकट्या शिंप्याला नोंदणीनंतर जे २,५०० भरावे लागतात, तेच मोठ्या कंपनीच्या संचालकाला. घटनेतील मर्यादा न बदलता राज्याला वरचा दर वाढवता येत नाही; मात्र खालच्या टोकाला, लहान स्वयंरोजगारी लोकांना सूट देणे राज्याच्या हातात आहे, आणि महिलांच्या बाबतीत त्याने ते करून दाखवले आहे.

कर कामाच्या जागेनुसार ठरतो. कोल्हापूरच्या दुकानाने निपाणीत शाखा काढली तर तिथल्या नोकरांना कर्नाटकाचे दर लागू होतात आणि तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. प्राप्तिकरात मालकाला स्वतःचा व्यवसाय कर धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. नोकरदाराला मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच त्याची वजावट मिळते.