ज्याची जागा त्याला

दिंडीचा इतिहास म्हटला की विणेकरी, पखवाजी, टाळकरी आठवतात. पण शंभर वर्षं दिंडी चालली ती आणखी एका शिस्तीवर : प्रत्येक वस्तू तिच्या जागी. ही शिस्त आपल्या घरांतूनच आली.

भोर-वेल्ह्याकडचं जुनं घर आठवा. जागा थोडी, पाऊस उदंड. सरपण माळ्यावर, भात कणगीत, डाळी उतरंडीत, दूध-दही शिंक्यात, घोंगडी खुंटीला, दिवा कोनाड्यात. अंधारात हात घातला तरी वस्तू सापडायची.

त्याला कारणही होतं. अधिक मासामुळे आषाढी पुढं सरकली की वारी आणि भाताची आवण एकाच वेळी यायची. कारभारी पंढरीच्या वाटेवर, घरची बाई चिखलात. इरलं कुठं, विळा कुठं, हे हुडकत बसायला तिला सवड कुठली? म्हणून निघण्याआधी सगळं जागच्या जागी लावून मगच पडशी खांद्यावर घ्यायची.

हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला आजची घडी घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून तंबू आणि घोडे आले. साध्या वारकऱ्याचा संसार मात्र पडशीत. पडशीला दोन खण : एक पुढं, एक पाठीवर. दोन्हीकडं वजन सारखं हवं, नाहीतर दिवेघाटात खांदा बोलतो. एकात भाकरी-चटणी, दुसऱ्यात धोतर न् पोथी. जास्त घेतलं तर ओझं आपलंच.

पुढं बैलगाडी आली, मग ट्रक. नियम तोच. मुक्कामाला जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. राहुट्या, बांबू, मेखा वर. मग पाणी न् स्वयंपाकाची भांडी. शिधा तळाला, पण ओल लागणार नाही असा. वळकट्या सारख्याच दिसतात, म्हणून ज्यानं त्यानं खुणेची चिंधी बांधायची. एवढं करूनही काही हरवलंच, तर समाजआरतीला चोपदार हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात.

आता ट्रक आहे म्हणून एकेकाच्या दोन-दोन बॅगा येतात. पण ते सामान रोज चढवायचं-उतरवायचं कुणीतरी असतंच. आणि पहाटे अंधारात पातेलं, पळी शोधणारी बहुधा एखादी माउलीच असते.

विणेकऱ्यांची नावं आपण वहीत लिहितो. घर लावून ठेवणारीचं, मागं राहून आवण उरकणारीचं नाव कुणी लिहिलं नाही. वारीचं निम्मं पुण्य तिचं. निदान पडशी भरताना तेवढं ध्यानात ठेवू या.