कोंकणकिनाऱ्याच्या आगबोटी

इंदापूर तालुक्यांत निरवांगीच्या शिवाराजवळून वाहणारी नीरा भोरकडच्या सह्याद्रींत उगम पावते. त्या उगमापासून पश्चिमसमुद्र कांहीं फार दूर नाहीं; परंतु नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, नरसिंगपुरास भीमेला मिळते आणि तिचें पाणी कृष्णेच्या संगतीनें बंगालच्या उपसागरास जातें. देशावरच्या माणसाचेंही पुष्कळसें असेंच झालें. त्याच्या इतिहासांत घोडा आहे, घाट आहे, डोंगरी किल्ला आहे. गलबत मात्र अभावानेंच आढळतें. घाटाखालच्या माणसाची गोष्ट निराळी. त्याला समुद्र म्हणजे दारापुढची वाट होती. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या वाटेनें आगबोटी ये-जा करीत होत्या. आज 'आगबोट' हा शब्दसुद्धां तरुण पिढीला समजावून सांगावा लागतो.

भूमध्यसमुद्रांत सिसिली, सार्डिनिया, कॉर्सिका या बेटांच्या कडेकडेनें लहान जहाजांतून हिंडण्याची हौस युरोपांतील सुखवस्तु लोकांना आहे. किनारा नजरेआड होऊं द्यावयाचा नाहीं, जुने बुरूज आणि कोळ्यांचीं गांवें पाहात पुढच्या बंदरास लागावयाचें, असा तो प्रवास. त्यासाठीं ते मोठी रक्कम मोजतात. कोंकणचा चाकरमानी नेमका हाच प्रवास दर सुटींत करीत असे. फक्त आपण सहल करीत आहों हें त्याच्या गांवींही नव्हतें. डेकवर वळकटी पसरावी, ट्रंकेला पाठ टेकावी, शिदोरीचें गांठोडें जवळ ठेवावें आणि बोट लागूं नये म्हणून देवाचें नांव घ्यावें, एवढाच त्याचा थाट.

आणि त्याला दिसे काय? बोटीनें भाऊचा धक्का सोडून मुंबईचें बंदर मागें टाकलें कीं डाव्या अंगाला खांदेरी आणि उंदेरी ही जोडी येई. १६७९ साली शिवाजीमहाराजांनीं खांदेरीवर बांधकाम सुरू केलें तेव्हां मुंबईच्या इंग्रजांची झोंप उडाली होती. पुढें १८६७ साली त्याच बेटावर इंग्रजांनीं दीपगृह उभारलें. त्यानंतर अलिबागचा कुलाबा, कोर्लईचें लांबट भूशिर, सिद्दीचा जंजिरा आणि त्याच्यावर दाब ठेवण्यासाठीं उठविलेला पद्मदुर्ग. हर्णैला सुवर्णदुर्ग लागे. तो १७५५ साली कमोडोर जेम्सनें घेतला आणि पेशव्यांच्या स्वाधीन केला. पुढच्याच वर्षीं इंग्रजांनीं विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जाळलें. त्या कामांत पेशव्यांनीं इंग्रजांना हात दिला, ही गोष्ट मराठी माणसानें विसरूं नये. ज्या आरमाराच्या धाकानें परकी जहाजें या किनाऱ्यावर बिचकत, तें आपल्याच संमतीनें बुडालें. आणि शंभर वर्षांच्या आंत त्याच पाण्यांत प्रवाशांची ने-आण विलायती कंपन्यांच्या हातीं गेली. हा धागा डेकवरच्या कितीजणांना जुळवितां येत असेल, कोण जाणे. मालवणास सिंधुदुर्ग दिसूं लागला कीं म्हातारीं माणसें हात जोडीत, हें मात्र खरें.

बंदरें पुष्कळ, पण बोट धक्क्यास लागेल अशी सोय थोड्याच ठिकाणीं. हर्णैसारख्या बंदरांत आगबोट दूर खोल पाण्यांत नांगर टाकी. किनाऱ्याहून पडाव येत. बोटीच्या कुशीला लागलेला पडाव लाटेबरोबर पुरुषभर वर येई आणि तितकाच खालीं जाई. तो वर आला कीं त्या क्षणांत उतारूनें पाऊल टाकावयाचें. लहान मुलें खलाशी वरून खालीं हातोहात देत. लुगडें सांवरीत शिडीवर उभ्या असलेल्या बाईला तांडेल ओरडून सांगे, "आतां!" सबंध प्रवासांत अंगावर कांटा येण्याजोगा क्षण तोच, आणि त्यांत कुणी सहसा पडत नसे, याचें श्रेय त्या खारवी-भंडारी खलाशांना आहे. त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

भूमध्यसमुद्राशीं तुलना केलीच आहे तर एक भेदही सांगितला पाहिजे. तेथें उन्हाळा हा नौकानयनाचा काळ, हिंवाळा धोक्याचा. व्हेजीशियस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद समजावा असें नमूद केलें आहे. आपल्याकडे उलट. ज्येष्ठांत वारा फिरला कीं समुद्र मिटतो, आणि नारळीपौर्णिमेला नारळ वाहून कोळी तो पुन्हां उघडतात. कोंकणच्या लांबच्या बोटीही याच हिशेबानें चालत; मे महिना संपतां संपतां शेवटची फेरी होई. बंदराच्या आसपासच्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यांतही चालूं राहिल्या. मुंबई ते रेवस ही त्यांतलीच एक. अंतर थोडें, म्हणून भय थोडें, अशी समजूत.

धंदा प्रथम गोऱ्यांच्या हातीं होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन आणि शेफर्ड हीं नांवें किनाऱ्यावर घरोघर ठाऊक होतीं. याच शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळांत सांपडून नाहींशी झाली. विजेचे दिवे असल्यामुळें गुजराथी लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीची फळीसुद्धां हातीं लागली नाहीं. चौकशी झाली, आणि अशा बोटींवर जीवरक्षणाचीं साधनें किती अपुरीं असतात याची चर्चाही झाली.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचा वारा समुद्रावरही वाहूं लागला. १९०६ साली तुतिकोरीन येथें चिदंबरम् पिळ्ळे यांनीं स्वदेशी आगबोट कंपनी काढली. विलायती कंपनीनें भाडें जवळजवळ फुकटावर आणून तिला जेरीस आणलें. कोंकणांतही त्याच भावनेनें एक सहकारी कंपनी उभी राहिली. तिला लोक कौतुकानें 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींचीं नांवें संतांचीं: तुकाराम, रामदास, आणि ख्रिस्ती उतारूंसाठीं संत फ्रान्सिस. नांव ओळखीचें असलें म्हणजे बोट आपली वाटते, हें चालकांनीं अचूक हेरलें होतें. पुढें सिंदिया कंपनीनें १९३९ साली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही आपल्याकडे घेतली. मालक देशी झाले. डेक मात्र पूर्वीप्रमाणेंच भरत राहिला.

११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळांत बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनीं, १७ जुलै १९४७ रोजीं, 'रामदास' गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्या असल्यामुळें घरीं जाणाऱ्यांची झुंबड होती. १९३६ साली बांधलेली ही बोट सकाळीं आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून सुटली. तींत सातशेंच्या आसपास माणसें होतीं. पाऊस आणि वारा वाढला. तासाभराच्या आंत काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेनें बोट कलली. घाबरलेले लोक एका अंगाला धांवले, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक जीव गेले. मासळी घेऊन मुंबईस निघालेल्या कोळ्यांनीं ती मोलाची मासळी समुद्रांत लोटून दिली आणि सांपडतील तितकीं माणसें आपल्या होड्यांत ओढून घेतलीं.

मुंबईस हें कळलें केव्हां? दुपार टळून गेल्यावर. पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हतें. १९१२ साली टायटॅनिकनें बिनतारी यंत्रानें दिलेली हांक ऐकून कार्पाथिया धांवली आणि सुमारें सातशें लोक वांचले, ही हकीकत तोंवर शाळेंतल्या मुलांनाही माहीत झाली होती. तिला पस्तीस वर्षें उलटलीं होतीं, वीजळीला एकुणसाठ. वादळ कुणाच्या हातांत नसतें. परंतु बंदराच्या इतक्या जवळ बोट बुडते आणि बंदराला दिवसभर पत्ता लागत नाहीं, ही गोष्ट वादळाच्या माथीं मारतां येणार नाहीं. डेकचें तिकीट स्वस्त होतें, आणि त्यावरच्या माणसाचा जीवही तितकाच स्वस्त धरला गेला. रामदासनंतर अशा बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचें झालें आणि पावसाळी फेऱ्यांवर बंधनें आलीं.

पुढची कथा थोडक्यांत आटोपते. १९४८ साली एस्. टी. सुरू झाली आणि हळूहळू उतारू रस्त्याकडे वळले. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर पणजीची वाट मोकळी झाली. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ति' या बोटी सुमारें चोवीस तासांत पणजी गांठीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याही थांबल्या. १९९८ साली कोंकण रेल्वे आली. मग २०१८ साली 'आंग्रिया' नांवाचें आरामशीर सहलीचें जहाज मुंबई-गोवा जाऊं लागलें. एके काळीं वळकटीवर लोळत पाहिलेले तेच किल्ले आतां थंड खोलीच्या खिडकींतून पाहावयास मिळूं लागले. साथीच्या काळांत, २०२० साली, तेंही बंद पडलें. त्याच वर्षीं मार्चमध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसें नेणारें मोठें जहाज सुरू झालें. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लहान लाँची मात्र अजूनही पावसाळा तोंडावर आला कीं धक्क्याला बांधून ठेवतात, आणि समुद्र निवळल्यावरच सोडतात.