पार्कर ५१ : कालनिश्चिती
अमेरिकेत १९४१ साली बाजारात आलेल्या या फाउंटन पेनच्या सुरुवातीच्या बॅरलवर सालाचा शेवटचा अंक कोरलेला आढळतो. शेजारचे ठिपके तिमाही सांगतात : पहिलीत तीन, पुढे दर तिमाहीला एक कमी. हा पुरावा निर्णायक मानला जातो. पण तो केवळ बॅरलचा आहे. शिवाय १ हा अंक १९४१चा की १९५१चा, हे शाई भरण्याची यंत्रणाच ठरवते : मागची छोटी टोपी काढून दट्ट्या दाबावा लागला तर १९४१, धातूच्या आवरणातली पिशवी (१९४८पासून) दाबावी लागली तर १९५१. यंत्रणा दुरुस्तीत बदलली असेल, ही शंका इथे टिकत नाही. दोन्हींची बॅरलेच वेगळी. टोपण मात्र सहज बदलले जाते, त्यावरून वर्ष ठरवू नये. पॉलिशने ठिपके झिजलेले पेन तर नंतरच्या तिमाहीचे भासते.