व्हिडिओ गेममधील प्रसंगरचनाकार

सोलापुरी चादरीवरील नक्षी मागावर उतरते, पण कोणता धागा कधी उचलायचा हे जॅकार्डची छिद्रे पाडलेली कार्डे आधीच ठरवून देत आली आहेत. व्हिडिओ गेममध्येही असेच घडते. खेळाडू पुलावर पाऊल ठेवतो आणि मागून पूल कोसळू लागतो. त्याला तो योगायोग वाटतो; प्रत्यक्षात तो प्रसंग कोणीतरी आधीच रचून ठेवलेला असतो. अशा प्रसंगांना 'स्क्रिप्टेड इव्हेंट' म्हणतात आणि ते रचणे हे आज एक स्वतंत्र कौशल्य मानले जाते. फरक एवढाच, की धागा कार्डाचा हुकूम मोडत नाही. खेळाडू मात्र हमखास मोडतो.

कामाचे स्वरूप

प्रसंगरचनाकार खेळाच्या नकाशावर डोळ्यांना न दिसणारी सीमा आखतो. तिला 'ट्रिगर' म्हणतात. खेळाडूने ती ओलांडताच हालचाली, आवाज, संवाद, प्रकाश ठरलेल्या क्रमाने सुरू होतात. मात्र खरे काम यानंतरचे असते. पूल कोसळताना खेळाडूची पाठ तिकडे असेल तर? तो अर्ध्यावरून परत फिरला तर? दरीत पडून पुन्हा खेळू लागला, तर पूल शाबूत हवा की मोडलेला? अशा प्रत्येक शक्यतेचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागते. एक उत्तर राहून गेले तरी खेळाडू तेथेच अडकतो आणि खेळ सोडून देतो.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा १९९८ मधील गेम या कलेचा मैलाचा दगड मानला जातो. खेळ थांबवून चित्रफीत दाखविण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. या गेमने कथा खेळाडूच्या डोळ्यांदेखत घडविली आणि त्याचे नियंत्रण बहुतांशी त्याच्याच हाती राहू दिले.

पुण्याची 'राजी'

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक'. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेणाऱ्या राजीची ही कथा. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून ती उलगडते. कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखविले आहेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही शैली परकी वाटणार नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा कंपनीचा प्रयत्न फसला होता. तरीही २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

शिक्षण

या नावाची स्वतंत्र पदवी सहसा नसते. बहुतेक कंपन्यांत हे काम लेव्हल डिझायनर किंवा क्वेस्ट डिझायनरकडे असते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकीची पदवी अनिवार्य नाही. पण 'असे झाले तर तसे' ही तर्कशिस्त अंगी हवी. अनरियल इंजिनमधील 'ब्लूप्रिंट' पद्धतीत कोड न लिहिताही प्रसंग जोडता येतात. युनिटीसाठी सी-शार्प ही भाषा शिकावी लागते. शिकण्यासाठी दोन्ही साधने विनामूल्य मिळतात.

संधी आणि जोखीम

सोलापूरकरांना नोकरीसाठी बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागते. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तेथे २००८ पासून आहे. 'इंडस' हा गेम करणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. तथापि भारतात मोबाइलवरील गेमचे वर्चस्व असून त्यांत कथेला वाव कमी असतो, त्यामुळे निव्वळ या कामाच्या जागा थोड्याच. शिवाय हा व्यवसाय बेभरवशाचा आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीचे काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलविण्यात आले. २०२३ व २०२४ मध्ये जगभरातील अनेक गेम कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली. 'गेम म्हणजे जुगार' ही पालकांची शंका मात्र येथे गैरलागू ठरते. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर.

सुरुवात कशी करावी?

नोकरी देताना कंपन्या प्रमाणपत्राइतकेच, किंबहुना अधिक, उमेदवाराने केलेले काम पाहतात. त्यासाठी पाच मिनिटे खेळता येईल असा एकच प्रसंग पुरेसा आहे. विषय गावातच आहेत. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक संमती कट्ट्याकडे निघाली आहे. खेळाडू गर्दीतून वाट काढीत अक्षता सोहळ्याला वेळेवर पोहोचला पाहिजे. तो पोहोचला तर काय होईल हे कोणीही रचू शकेल. तो मध्येच तलावाकडे वळला तर काय, याचा विचार ज्याने केला आहे, तोच या कामाला योग्य. तयार झालेला प्रसंग पाच जणांना खेळायला द्यावा आणि आपण काहीही न सांगता पाहत राहावे. ते जेथे अडखळतील, तेथूनच पुढचा अभ्यास सुरू होतो.