पुणे ते दूधविनायक : दोन तास आणि सव्वा वर्ष

पुणे ते वाराणसी विमानाने किती लांब, हे आज मोबाइल क्षणात सांगतो. लोहगाव ते बाबतपूर हवाई अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. थेट विमान मिळाले तर साधारण दोन तास. पण आम्हा लष्करी माणसांना एक सवय असते. नकाशावरचे अंतर आम्ही किलोमीटरमध्ये वाचून थांबत नाही, ते वेळेत मोजतो. वाटेत नदी आहे का, दाणापाणी कुठे मिळेल, पाऊस कधी लागेल, यावर पोहोचायची तारीख ठरते. आज काशीची वाट तशी मोजून पाहू.

जमिनीवरून ही वाट १,४०० किलोमीटरच्या आसपास. मेणे, बैल, म्हातारीकोतारी माणसे असलेला तांडा दिवसाला पाच कोस, म्हणजे १५-१६ किलोमीटर चालला, तर एकही दिवस न थांबता तीन महिने लागतात. आणि न थांबता कोण चालणार? पावसाळ्यात नद्या अडवतात, राज्य बदलले की परवाने लागतात.

थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून यात्रेला निघाल्या. पेशव्यांची आई म्हणून वाटेत जयपूरच्या सवाई जयसिंगासारख्यांनी आदरसत्कार केला. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या परतल्या १७३६ च्या उन्हाळ्यात. सव्वा वर्ष! ही पेशव्यांच्या घरची गोष्ट. सामान्य यात्रेकरू घरच्यांचा निरोप घेताना परतीची खात्री धरत नसे.

दूधविनायकचा इतिहास समजायचा तर हे अंतर ध्यानात ठेवायला हवे. काशीच्या छप्पन्न विनायकांपैकी दुग्धविनायकावरून नाव पडलेला हा मोहल्ला. शेजारी ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा. इथे मराठी माणूस रुजला, कारण इतक्या लांब आलेला माणूस सहसा लगेच परतत नसे. कुणी विद्येसाठी राहिला, कुणी शेवटचा श्वास काशीत घ्यावा म्हणून. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला गेले ते तिथलेच झाले. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये उलटी वाट चालून रायगडावर राज्याभिषेकाला आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीत राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची मनकर्णिका, पुढची झाशीची राणी, काशीतच जन्मली. हिंदी ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हेही १८८३ मध्ये काशीत मराठी घरातच जन्मले.

मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन्हीकडचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे झाली. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. पुढे विमानाने तो तासांवर आणला. आता माणूस शुक्रवारी जातो, दर्शन घेतो, रविवारी घरी असतो. सोय झाली, हे चांगलेच. पण मुक्कामच उरला नाही, तर नवी वस्ती कुठून रुजणार? अंतराने जे जोडले, ते वेगाने आपोआप जपले जाणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. बाबतपूरला उतराल तेव्हा अर्धा दिवस राखून ठेवा. दूधविनायकच्या गल्लीत गाडी शिरत नाही, पायीच चला. तिथल्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांशी बोला. तुमच्या घराण्यातले कुणी काशीला जाऊन राहिले असेल, तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारून नाव-साल आजच लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.