मालकीचं टिंब

आमच्या गावाचं नाव सावली. हे नाव एकवचनी आहे हे एक बरं आहे. झाडाखाली सावल्या पुष्कळ पडतात, पण चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना लागते ती सावली एकच. तेव्हा इंग्रजीतही पुढे 'एस' लावायची भानगड नाही. भानगड सुरू होते ती 'सावलीचं' म्हणताना! तिथे एस येतो, आणि येताना ती लोंबती अपॉस्ट्रॉफी घेऊन येतो.

पोरं विचारतात, "काका, ही एसच्या आधी की नंतर?" मालक एक असेल तर आधी, अनेक असतील तर नंतर, असं मी सांगतो. तेवढ्यात 'चिल्ड्रेन' आडवे येतात. मालक अनेक, पण अनेकवचनात एसच नाही. म्हणून पुन्हा आधी!

खरं म्हणजे ही अपॉस्ट्रॉफी एका मेलेल्या अक्षराची समाधी आहे. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांना मालकीसाठी 'ईएस' जोडत. बोलता बोलता 'ई' गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून हे चिन्ह आलं आणि गळलेल्या अक्षरांच्या जागी बसू लागलं. मधल्या काळात काहींना वाटलं, हा एस म्हणजे 'हिज'चं शेपूट. 'राजाचा मुकुट' म्हणजे 'राजा त्याचा मुकुट'. मग राणीच्या मुकुटाचं काय करायचं? एकट्या मालकाचा नियम अठराव्या शतकापर्यंत स्थिरावला. अनेक मालकांना हे चिन्ह त्याच्याही मागाहून मिळालं. म्हणजे तिकडेही संयुक्त खात्याचं काम उशिराच झालं.

तरी साहेबाच्या घरी एकमत नाहीच. लंडनला एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानातून विम्याचा बाजार उभा राहिला. त्याने नावातली अपॉस्ट्रॉफी अजून जपली आहे. बर्मिंगहॅमला १७६५ साली निघालेल्या पेढीची पुढे लॉइड्स बँक झाली; तिच्या नावात अपॉस्ट्रॉफी नाही. आम्हा बँकवाल्यांना हे पटतं. पैसा लोकांचा, मग मालकी कशाला मिरवा?

मराठीत कारभार वेगळा. आपला प्रत्यय मालकाकडे बघत नाही, मालाकडे बघतो. सावलीचा बाजार, सावलीची शाळा, सावलीचे तांदूळ. मालक किती, हे सांगायला डोक्यावर एक टिंब असतं. 'भावाची बांधी' आणि 'भावांची बांधी' यांत फरक टिंबाएवढाच. पण त्या टिंबासाठी धानाच्या बांधीवर काठ्या निघू शकतात.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले (आणखी चार १९७२ साली). 'पांच', 'करणें' यांच्या डोक्यावरची न उच्चारली जाणारी टिंबं गेली. अनेक मालकांचं टिंब मात्र राखलं. शिवाय आदराचंही राखलं. म्हणून गुरुजी एकटे असले तरी छडी 'गुरुजींची'च. इंग्रजीत असा मान राजालाही नाही!

म्हणून काउंटरवर मी टिंबं मोजतो. एखादी म्हातारी अर्ज लिहून आणते : 'माझी ठेव माझ्या मुलाच्या नावे करावी.'

"माय, पोरं किती?"

"तीन आहेत जी बाबू."

"अर्ज कोणी लिहून दिला?"

"थोरल्यानं."

मी पेन पुढे करतो. "माय, इथे एक टिंब द्या. दोन पोरांचं भलं होईल."