कोंबड्याची बांग आणि मायबोली

पहाटे आरवणारा कोंबडा सर्वत्र सारखाच. त्याचे आरवणे टिपणारा कान मात्र भाषेभाषेचा निराळा. मराठी मुलाला त्यात ‘कुकूच कू’ ऐकू येते, हिंदी मुलाला ‘कुकडूँ कूँ’, तर स्पॅनिश मुलाला ‘किकिरिकी’. स्पॅनिश कुत्रा ‘ग्वाव ग्वाव’ करतो आणि कोंबडीचे पिलू ‘पीओ पीओ’. चिलीचे कवी इस्माएल पारागेस यांचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले पिलांचे बालगीत पुढे स्पॅनिश भाषेच्या अनेक देशांत पसरले. ती भाषा नव्याने शिकणारी परकी मुलेही अशाच गीतांतून प्राण्यांचे आवाज, आणि त्यांबरोबर त्या भाषेचे उच्चार, आत्मसात करतात.

आपल्या नगरीत हे शिक्षण घरोघरी झाले. १८१० साली दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्यानजीक स्थिरावली आणि ‘लष्कर’ वसले. घरात मराठी, बाजारात हिंदी, अशा वातावरणात मराठी कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. कडेवरच्या बाळाला ‘चिऊ’, ‘काऊ’, ‘माऊ’, ‘हम्मा’, ‘भूभू’ हे शब्द प्रथम मिळाले. यांत प्राण्याचा आवाज हेच त्याचे नाव! शेजारच्या अंगणात तोच कुत्रा ‘भौं भौं’ करी. व्याकरणाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच बालकाचे कान दोन भाषांना सरावत.

संगीताच्या या नगरीला त्याचे नवल वाटू नये. ‘नारदीय शिक्षे’त षड्ज मोराचा, ऋषभ गाईचा, गांधार शेळ्यामेंढ्यांचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत घोड्याचा आणि निषाद हत्तीचा सांगितला आहे. आधी श्रवण, मग अक्षर, हाच आपल्या परंपरेचा क्रम होय.

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. त्यापूर्वी, १९४१ साली, राजकवी भा. रा. तांबे येथेच निवर्तले. मुंगावलीस जन्मलेल्या या कवीचे बहुतेक आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले. तरी त्यांची कविता मराठीचे भूषण ठरली. परमुलखातही मायबोली बहरू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता तिचा आधार घर हाच आहे. हिंदी-इंग्रजी शाळा शिकवील आणि ते इष्टच आहे. पण ‘चिऊ-काऊ’ शाळा शिकवणार नाही. ज्या घरात ते शब्द गाऊन सांगणारे कोणी उरणार नाही, तेथे मराठी कोणी न ठरविताच मावळेल. माजी विद्यार्थ्यांनो, नातवंडांना ग्रंथ अवश्य द्या. पण त्याआधी एक बडबडगीत द्या.